गुलाबी पितळ

घड्याळं एक तास मागे गेली, की आमच्या मागच्या अंगणात दुपारच्या चहाबरोबरच संध्याकाळ येऊन बसते. इंग्लंडात, मेडनहेडला इतकी वर्षं काढूनही उजेडाची ही पळवापळवी माझ्या अंगवळणी पडलेली नाही. चेरीची पानं ओल्या कागदासारखी फरशीला चिकटतात. कुणाच्या तरी चिमणीतून कोळशाचा धूर येतो. आणि शेकोटीचा सण यायच्या कितीतरी आधीपासून गल्लीतली पोरं फटाके उडवू लागतात. इथल्यांची ती शेकोटी आणि आपली दिवाळी, दोन्ही एकाच धुक्यातून येतात. फटाका वाजला की मी अजून दचकतो. कुमुद दचकत नसे. हातातलं काम न थांबवता ती नुसती म्हणे, "लांब आहे."

कुमुद, माझी बायको, गेल्या मार्चमध्ये गेली. त्यामुळे या वर्षी घरात सण नाही. पण देवातली भांडी घासायला हरकत नसावी, असं मनाशी ठरवून काल मी ती काढली. समई, दोन निरांजनं, तांब्या, पळी. चिंच कोमट पाण्यात कुस्करली आणि तो आंबट, मातकट वास स्वयंपाकघरभर पसरला. भांडी घासायची राहिली. मी खुर्चीत बसून राहिलो, कारण त्या वासाबरोबर माझ्यापुढे एक जुना शरद उभा राहिला. ऐंशीच्या दशकातला, मधल्या कुठल्याशा वर्षीचा. त्यात पानगळ होती, पितळ होतं, आणि शरम होती. सगळ्यात जास्त शरमच होती.

कुमुद रायफल चालवायची. हे वाक्य मराठीत लिहिताना अजूनही माझा हात अडखळतो. तिची रायफल आता घरात नाही. ती गेल्यावर एक पोलीस अधिकारी येऊन, फार अदबीनं, सही घेऊन ती घेऊन गेला. मागे राहिलाय तो बिस्किटांचा एक मोठा डबा. त्यात रिकाम्या पुंगळ्या आहेत. काडतूस उडालं की गोळी पुढे जाते आणि मागे राहतं ते पितळेचं कवच, ती पुंगळी. समाचाराला कुणी येणार असलं, की मी तो डबा कपाटात, चादरींच्या मागे सरकवतो. नव्वदच्या दशकात स्कॉटलंडमधल्या एका शाळेत एका माणसानं पिस्तुलांनी लहान मुलं मारली, त्यानंतर या देशात बंदुकीबद्दल चांगलं बोलावं असं कुणालाही वाटत नाही, आणि वाटूही नये. आमच्याकडे पिस्तूल नव्हतं, नेम धरायची लांब रायफल होती. पण हा फरक समोरच्याला समजावून सांगायला मी कधी तोंड उघडलं नाही. त्या मुलांच्या फोटोंपुढे कसला फरक आणि कसलं समजावणं. कुमुदनं स्वतः तेव्हा कितीतरी दिवस रायफलच्या कपाटाकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. माणूस गेल्यावर त्याच्या आवडीच्या वस्तू लोक समोर मांडतात. मी लपवतो.

ती भूलतज्ज्ञ होती. दिवसभर दुसऱ्यांना झोपवायचं आणि ते परत जागे होईपर्यंत त्यांच्या श्वासावर लक्ष ठेवायचं, हे तिचं काम. पेशंट आभार मानतात सर्जनचे; भूल देणाऱ्या बाईचा चेहराही त्यांना आठवत नाही. तिची त्याबद्दल तक्रार नव्हती. पण हॉस्पिटलमधल्या एका नर्सबरोबर ती एकदा सहज रायफल क्लबमध्ये गेली आणि तिथलीच झाली. मी तिला विचारलं होतं, "अगं, तुला त्यात मिळतं तरी काय?" ती म्हणाली, "तिथे माझ्या हाताखाली कुणाचा श्वास नसतो हो. फक्त माझा असतो. तो अर्धा सोडायचा, धरायचा, आणि बोट दाबायचं. बस." तिच्या आठवड्यात स्वतःची अशी तेवढीच एक जागा होती. त्या शरदात ती जागा हातची जाते की काय, अशी वेळ आली.

रेंज खडूच्या एका जुन्या खाणीत होती. पांढरीफेक भिंत, वर गवत, खांबावर लाल बावटा. लोक चटयांवर पालथे पडून नेम धरत. कपाळाला बारीक टिकली आणि अंगात माझा जुना स्वेटर अशी कुमुद त्या रांगेत पालथी पडायची. आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या बायकांना हे कुणी सांगितलं असतं तर त्यांना चक्करच आली असती. गाडी तीच चालवायची. मी सोबत जायचो आणि गाडीत बसून वाचायचो. ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करणारा माणूस मी; मला आवाज सोसत नाही, हे कारण सगळ्यांना पटे.

खरं कारण पुंगळ्या. गोळीबार संपला की जो तो आपापल्या पुंगळ्या वेचतो, ही तिथली रीत. त्या साफ करून, ठिणगी पाडणारी नवी टोपी, नवी दारू, नवी गोळी बसवून पुन्हा वापरता येतात. ज्या पायाखाली येऊन चेपतात किंवा फरशीवर आपटून पोचे पडतात, त्या लोक कोपऱ्यातल्या बादलीत टाकतात. कुमुद आधी विचारायची, मग त्या बादलीपाशी उकिडवी बसून एकेक पुंगळी उचलून उजेडात धरायची. सगळे उभे आणि ती एकटी खाली. गाडीच्या काचेतून ते दिसलं की मी पुस्तकात डोकं घालायचो. डॉक्टरबाई, आणि लोकांनी टाकलेलं वेचतेय. आपण या देशात कशासाठी आलो, कसं राहायचं ठरवलं होतं, असलं काहीबाही मनात येई आणि कान तापत.

तिला ते कळत असावं. गाडीत बसताना ओंजळभर पितळ माझ्या मांडीवर ओतून ती म्हणायची, "सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, सून शेण वेचायला गेली होती वाटतं!"

पोचे पडलेल्या पुंगळ्यांची विद्या तिला मिस्टर हॅस्लमनी शिकवली. ते निवृत्त भूगोल-शिक्षक. उंच, किडकिडीत, बोटं संधिवातानं वाकडी झालेली. ते तिला 'डॉक्टर' म्हणत आणि ती त्यांना 'मिस्टर हॅस्लम'. इतक्या वर्षांत दोघांनीही ते बदललं नाही. पोटाला पोचा असेल तर काळजी नको, ते सांगत. पुढच्या वेळी दारू पेटली की आतल्या दाबानं तो आपोआप भरून येतो. तोंड चेपलं असेल तर निमुळती सळी फिरवून गोल करायचं. मात्र चीर गेली असेल तर गय नाही. चीर डोळ्यांना दिसत नसली तरी कानांना कळते. चारपाच पुंगळ्या मुठीत घेऊन हलवायच्या. चांगल्या किणकिणतात, तडकलेली बद्द वाजते. हे ऐकून कुमुद खूश झाली. "म्हणजे आपल्याकडे बोहारणीकडून भांडं घेताना टिचकी मारून बघतात, तसंच की!" ती मला मराठीत म्हणाली, आणि मिस्टर हॅस्लमना बोहारीण समजावून सांगण्यात आमची सगळी दुपार गेली.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी हाउन्सलोहून कमलताई आल्या. आमच्यापेक्षा वडील, मंडळातल्या सगळ्यांना मोठ्या बहिणीसारख्या. येताना त्या तिथल्या दुकानातून चिंचेचा मोठा गोळा घेऊन आल्या. कुमुदनं देवातली भांडी आधीच घासून टॉवेलवर पालथी घातली होती, आणि त्यांच्याच शेजारी ओळीनं पुंगळ्या वाळत होत्या.

"अगं बाई, ही कसली गं एवढी निरांजनं?" कमलताईंनी एक उचलली. "वात कुठून घालायची?"

"ताई, ती निरांजनं नाहीत," कुमुद म्हणाली.

काय आहे ते कळल्यावर कमलताईंनी ती दोन बोटांनी परत ठेवली आणि हात धुतले. मग माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, तुम्ही काही बोलत नाही का हो हिला? डॉक्टरनं गोळ्या द्यायच्या, का मारायच्या?"

मी हसलो. कुमुदही हसली. पण त्या गेल्यावर तिनं पुंगळ्यांचा टॉवेल उचलून गॅरेजमध्ये नेला. "देवाच्या भांड्यांशेजारी नको होतं ठेवायला," ती पुटपुटली. तिच्या आवाजातला तो लहान झालेला सूर मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

तिच्या पुंगळ्यांची चकाकी एव्हाना क्लबमध्ये सगळ्यांच्या डोळ्यांत भरली होती. बाकीचे लोक यंत्रात भुसा घालून तासन्‌तास त्या घोळवत. कुमुदच्या मात्र सोन्यासारख्या. कशानं घासता, विचारलं की ती म्हणायची, "माझ्या आईची पद्धत." मिस्टर हॅस्लमच्या बोटांना आता घासणं जमत नव्हतं. त्यांनी आपला सगळा जुना साठा, पोचे पडलेल्या, वर्षानुवर्षं वापरलेल्या पुंगळ्या, मोठ्या विश्वासानं तिच्या हवाली केला. ते पाहून आणखी दोघांनी दिल्या. दिवाळी तोंडावर होती आणि कुमुदला देणं आवडायचं. कमलताईंच्या चिंचेचा तिनं दाट कोळ केला, त्यात सगळ्या पुंगळ्या बुडवल्या, आणि नेमका हॉस्पिटलमधून फोन आला. अपघाताची केस होती. ती गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी परतली. पुंगळ्या तोवर कोळातच होत्या.

देवाच्या भांड्यांना चिंच लागते ती घडीभर. चोळायची, धुवायची, पुसायची. इतका वेळ आपण कधी कुठलं भांडं चिंचेत ठेवत नाही, आणि ठेवलं तर काय होतं हे म्हणूनच कुणाला ठाऊक नसतं. पितळेतलं जस्त त्या आंबटात सुटत जातं, वर तांबं तेवढं उरतं, आणि धातू आतून ठिसूळ होतो. बाहेरून दिसते ती नुसती गुलाबी झाक. कुमुदनं ती झाक पाहिली. पण तिच्या माहेरी भांडं चांगलं निघालं याची ती खूण होती. "गुलाबी आलं का?" असं तिची आई विचारायची म्हणे. तिनं त्या पुंगळ्या धुतल्या, पुसल्या, आणि ज्याच्या त्याला नेऊन दिल्या. भरायच्या ज्यानं त्यानं आपापल्या, असा तिथला नियम होता.

त्यानंतरच्या रविवारी थंडी इतकी होती की मी पुस्तक घेऊन रेंजवरच्या लाकडी खोलीत, चहाच्या भांड्याजवळ बसलो होतो. एक आवाज वेगळा झाला. बाकीच्यांपेक्षा चपटा. बाहेर आलो तर मिस्टर हॅस्लम चटईवर कुशीला वळले होते आणि कुमुद त्यांच्याशेजारी गुडघ्यांवर. तिनं त्यांचा चष्मा काढला, खिशातली बारीक बॅटरी डोळ्यांत धरली, पापणी उलटून पाहिली. गालावर काळे ठिपके उठले होते. चष्म्याच्या काचेवर खवले पडले होते. डोळा शाबूत होता.

"जुनं पितळ, डॉक्टर," ते म्हणत होते. "माझाच हावरेपणा. केव्हाच टाकायला हवं होतं. मला काही झालेलं नाही. चला, चालू द्या तुमचं."

लोक आपापल्या चटईकडे वळले. कुमुदनं त्यांच्या रायफलमधून ती पुंगळी काढली. बुडापाशी उभी फाटलेली. फाटलेल्या कडेला आतपर्यंत गुलाबी रंग दिसत होता. ती त्या कडेकडे पाहत राहिली. पलीकडे कुणीतरी रायफल भरल्याचा आवाज झाला, आणि कुमुद ओरडली, "थांबा!"

मराठीत ओरडली. तिथे तो शब्द मी सोडून कुणालाच कळत नव्हता, पण सगळेच्या सगळे थांबले.

मग तिनं इंग्रजीत सांगितलं. एकेक शब्द सुटा. या पुंगळ्या तिनं साफ केल्या होत्या, चिंचेत घालून विसरली होती, कुणीही त्यातली एकही वापरायची नाही. ज्यांना दिल्या होत्या त्यांच्या चटयांपाशी जाऊन तिनं एकेक परत मागून घेतली. दोष चिंचेचाच, की पितळ जुनं होतं, की त्या पोच्याचा, हे पुढेही कुणाला नक्की सांगता आलं नाही. तिनं मात्र तो सगळा स्वतःकडे घेतला.

"कशात घातल्या होत्या म्हणालात?" टेरी नावाचा एक गवंडी होता, त्यानं विचारलं.

"टॅमरिंड. चिंच."

"करीत घालतात ते," कुणीतरी मागून म्हणालं.

"तरीच म्हटलं, आज भूक का लागतेय!" टेरी म्हणाला. "पुढच्या वेळी व्हिनेगर मारा, डॉक्टर, चिप्सबरोबर खाऊन टाकू."

सगळे हसले. दुष्टपणानं नव्हे, भीती उतरली की माणसं हसतात तसे. पण कुमुद दोन्ही हातांत पुंगळ्या घेऊन उभी होती आणि तिचे कान लाल झाले होते. घरी येताना ती एवढंच बोलली, "पितळ उघडं पडलं माझं." मी म्हणालो, "अगं, कुणाला लागलं तर नाही ना." मला वाटतं, माणसाला लाज वाटत असताना त्याला धीर देणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावून घेणं आहे. पण तेव्हा मला दुसरं काही सुचलं नाही. आजही सुचत नाही.

पुढचे रविवार ती गेली नाही. ओव्हन घासला, पडदे धुतले, काढायचे नव्हते ते ट्रंकेतले कपडे काढून परत घड्या घातल्या. रेंजचं नाव नाही. हॉस्पिटलमधून येऊन सांगायची, "आज इंजेक्शनच्या बाटलीवरचं लेबल मी पुन्हा पुन्हा वाचलं, नर्सला वाचायला लावलं, तरी हात पुढे होईना." "ज्या हातानं ते केलं, तोच हात आहे ना हा," ती म्हणाली. चेरीचं झाड तोवर पार ओकंबोकं झालं होतं. दिवाळी आली आणि गेली. कमलताईंना तिनं यातलं काही कळू दिलं नाही.

एका शनिवारी, पाऊस पडतोय की नाही हे कळू नये असल्या पावसात, मिस्टर हॅस्लम दारात उभे राहिले. नवा चष्मा, हातात घरी राहिलेल्या पुंगळ्यांचा डबा. आत या म्हटलं तरी आत येईनात.

"डॉक्टर, मी एक सांगायला आलोय," ते पायपुसण्याकडे बघत म्हणाले. "त्या गुलाबी होत्या हे मी पाहिलं होतं. भरताना. गुलाबी पितळ म्हणजे काय, हे मला चांगलं माहीत आहे."

कुमुदला क्षणभर समजलंच नाही. "पाहिलं होतंत? मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही इतक्या छान घासल्या होत्या," ते म्हणाले. "बोलणं उद्धटपणाचं वाटलं."

माझी बायको चिडली की तिचा आवाज खाली जायचा. "मिस्टर हॅस्लम, मला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही आपला डोळा त्या पुंगळीमागे लावलात?"

"हो. तसंच झालं म्हणायचं."

"आत या."

तिनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि तो अख्खा डबा त्यावर ओतला, गॅरेजमधल्या आपल्या पुंगळ्याही ओतल्या. मग एक पुंगळी त्यांच्यापुढे धरली. "ही कशी आहे?"

"ही... म्हणजे, असं बघा, मी म्हणेन की ही कदाचित पूर्णपणे—"

"चांगली की वाईट?"

मिस्टर हॅस्लमनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाकडे पाहिलं.

"वाईट," ते म्हणाले.

कुमुदनं ती पत्र्याच्या बादलीत टाकली. खण्‌कन आवाज झाला. "ही?"

आयुष्यभर दुसऱ्यांना वर्गात उभं करणारा तो मास्तर त्या दुपारी आमच्या टेबलाशी परीक्षेला बसल्यासारखा बसला होता. सुरुवातीला ते प्रत्येक उत्तराआधी माफी मागत होते. मग माफी गळाली. मग 'मला वाटतं' गळालं. शेवटी शेवटी तर कुमुदनं हात पुढे करायचा अवकाश, ते म्हणत, "वाईट. वाईट. ही तर भिकार." मी दिवा लावला. दोघंही आळीपाळीनं मुठीत पुंगळ्या हलवून कानाशी नेत होते. तिच्या काही आवडत्या पुंगळ्या होत्या, बादलीतून वेचून, सळी फिरवून तिनं गोल केलेल्या. त्यांतल्याही त्यांनी काही तिच्या डोळ्यांदेखत टाकल्या. तिनं पुढची हातात घेतली.

गेल्या हिवाळ्यात हॉस्पिटलच्या खाटेवरून कुमुदनं एका तरुण डॉक्टरला असंच अडवलं होतं. तो रिपोर्टचे कागद चाळत गोल गोल बोलत होता. "चांगलं की वाईट? एका शब्दात सांग बाळा," ती म्हणाली. त्यानं सांगितलं. तिनं त्याचे आभार मानले. मी खिडकीतून गाड्यांच्या पार्किंगकडे पाहत होतो.

त्या दुपारी टेबलावर शेवटी मूठभर पुंगळ्या उरल्या. साध्या, काळपट, बऱ्याचशा पोटाला पोचे पडलेल्या, पण धड. मिस्टर हॅस्लमनी त्यांचे दोन वाटे केले, एक तिच्याकडे सरकवला, एक आपल्या डब्यात ठेवला. मग उठले, कोट चढवला, आणि बटणांशी झटापट करत विचारलं, "उद्या येणार ना?"

कुमुद आपल्या वाट्याकडे बघत होती. "मला लाज वाटते, मिस्टर हॅस्लम," ती म्हणाली.

"मलाही वाटते," ते म्हणाले. "रेंज दहाला उघडते."

त्यांना पोचवायला मी दारापर्यंत गेलो. परत आलो तेव्हा कुमुद टेबल पुसत होती. मान वर न करता ती म्हणाली, "अहो, उद्या जेवायला उशीर होईल."